फोंड्यातल्या छोट्या स्टुडिओसाठी पॅचबे आणि माइक स्प्लिटर: काय घ्यावे, कसे जोडावे?

फोंडा_रेकॉर्डिंग

नमस्कार मंडळी. फोंड्याजवळ दोन खोल्यांचा स्टुडिओ उभा करतो आहोत. काम मुख्यतः नाट्यसंगीत आणि भजनाचे, चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) दिवसांत घुमट वाद्यावरच्या आरत्यांचे. सामान असे: आठ माइक प्रीअँपचा (माइकचा क्षीण सिग्नल वाढवणारा भाग) इंटरफेस, म्हणजे आवाज संगणकात नेणारी पेटी (इनपुट माइक आणि लाइन दोन्ही घेणाऱ्या कॉम्बो जॅकचे, लाइन आउट दहा), वेगळा दोन चॅनेलचा प्रीअँप, एक स्टिरिओ कंप्रेसर (आवाजाची चढउतार आवरणारा), एक रिव्हर्ब युनिट (आवाजाला घुमारा देणारे) आणि चार हेडफोनांचा अँप. जोडणी बदलायची म्हटली की दरवेळी रॅकच्या मागे हात घालावा लागतो, आणि त्या ओढाताणीत जॅक सैल होत चाललेत.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिली, पॅचबे (सगळ्या यंत्रांचे जॅक पुढे एका पट्टीवर आणणारी पेटी) ४८ जॅकचा, मोठ्या टीआरएसचा (टिप, रिंग आणि बाही अशा तीन भागांच्या प्लगचा) पुरेल की ९६ जॅकचा छोट्या प्लगचा घ्यावा? दुसरी, आरती स्पर्धेत आठ माइकांचा सिग्नल मंडपाच्या मिक्सरला आणि आमच्या रेकॉर्डरला एकाच वेळी हवा असतो. त्याला वाय केबल (एका टोकाची दोन करणारी वायर) चालेल की स्प्लिटरच (सिग्नल वाटून देणारी पेटी) लागेल? तिसरी, कंप्रेसर जोडला की बारीक गुणगुण येते, ती कुठून येत असावी? चवथीच्या आधी सगळे उभे राहायला हवे.

टाकाकाम

खरेदीच्या आधी एक नियम पक्का करून घ्या, बाकीचे निम्मे निर्णय त्यातूनच होतात. एक आउटपुट दोन-तीन इनपुटांना देता येतो. दोन आउटपुट मात्र एका इनपुटात थेट बांधायचे नाहीत.

कारण साधे आहे. लाइन आउटपुटचा इंपिडन्स (सिग्नलला होणारा विद्युत विरोध) साधारण १०० ओम आणि लाइन इनपुटचा १० किलोओम किंवा जास्त. एक इनपुट जोडला तर ०.०९ डीबी (डेसिबल, पातळीचे माप) जातो, दोन जोडले तर ०.१७ डीबी. कानाला काहीच कळत नाही. पण दोन आउटपुट एकमेकांना बांधले की प्रत्येकाला समोर १० किलोओमऐवजी दुसऱ्याचे १०० ओम दिसतात. दोघे एकमेकांना ढकलत बसतात आणि आवाज फाटतो. एकत्र करायचेच असेल तर प्रत्येक आउटपुटच्या हॉट आणि कोल्ड तारेत (बॅलन्स्ड वायरीत एकमेकींच्या उलट सिग्नल नेणाऱ्या दोन तारा; त्यांच्याभोवतीची जाळी म्हणजे शिल्ड) एक-एक किलोओमचा रेझिस्टर टाका. सुमारे ६ डीबी पातळी जाईल. मिक्सर असेल तर तिथेच मिसळा, ते सरळ.

आता पॅचबे. तुमच्या सामानाला ४८ जॅकचा टीआरएस भरपूर झाला. ९६ वाला ४.४ मिलिमीटरच्या छोट्या प्लगचा असतो. त्याच्या पॅच कॉर्ड महाग, मागची जोडणी बहुतेक वेळा डी-सब २५ (पंचवीस पिनांचा जोड) वर किंवा थेट सोल्डरचे टाके मारून, आणि तो प्लग गोव्यात बिघडला तर दुकानात पटकन मिळत नाही. मोठ्या जॅकचा पॅचबे घेताना मागेही जॅकच असलेला घ्या. टाक्याचा मजबूत असतो, पण पुढे मांडणी बदलायची झाली की सोल्डरची इस्त्री तापवावी लागते.

घेण्याआधी एवढेच पाहा की प्रत्येक उभ्या जोडीचा मोड वेगळा ठरवता येतो का. काहींना वरच्या पत्र्यावर बटणे असतात, काहींत आतले कार्ड काढून फिरवून बसवावे लागते. हाफ-नॉर्मल आणि थ्रू हे दोन मोड हवेतच.

हाफ-नॉर्मल म्हणजे मागून वरच्या जॅकला आउटपुट, खालच्याला इनपुट. पुढे काही खुपसले नाही तर सिग्नल आपोआप वरून खाली उतरतो. पुढून वरच्या जॅकमध्ये प्लग घातला तर सिग्नल दोन्हीकडे जातो, म्हणजे तुमचा स्प्लिट तिथेच, फुकटात. खालच्या जॅकमध्ये घातला की मूळची वाट तुटते आणि नवा सिग्नल शिरतो. थ्रू म्हणजे वर-खाली आतून जोडलेलेच नसते, पुढून कॉर्ड टाकली तरच सिग्नल जातो.

तुमच्यासाठी मांडणी अशी करा:

१-२: वर प्रीअँपचे आउट, खाली इंटरफेसचे इन ७-८. हाफ-नॉर्मल.
३-४: वर कंप्रेसरचे आउट, खाली कंप्रेसरचे इन. हे थ्रूच ठेवायचे.
५-६: वर इंटरफेसचे आउट ३-४, खाली रिव्हर्बचे इन. हाफ-नॉर्मल.
७-८: वर इंटरफेसचे आउट ५-६, खाली हेडफोन अँपचे इन. हाफ-नॉर्मल.
९-१०: वर रिव्हर्बचे आउट, खाली रिकामे. थ्रू.

३-४ कडे पुन्हा एकदा पाहा. एकाच यंत्राचे आउट वर आणि इन खाली आले आणि मोड चुकून हाफ-नॉर्मल राहिला, तर त्याचा आउटपुट त्याच्याच इनपुटात जाऊन तो शीळ घालतो किंवा हुंकारतो. पॅचबे बरेचदा कारखान्यातून सगळे हाफ-नॉर्मल येतात, म्हणून ही चूक पहिल्याच दिवशी होते.

कंप्रेसर रेकॉर्डिंगच्या वाटेत घ्यायचा असेल तर १-२ वर ते ३-४ खाली दोन कॉर्ड, आणि ३-४ वर ते १-२ खाली दोन कॉर्ड. रिव्हर्ब परत घ्यायचा तर ९-१० वर ते १-२ खाली. मिक्सच्या वेळी प्रीअँप मोकळाच असतो, त्यामुळे ७-८ इनपुट तेव्हा वापरायला हरकत नाही.

माइक १ ते ६ भिंतीवरच्या एक्सएलआर (तीन पिनांच्या माइक जोडाच्या) पेटीतून थेट इंटरफेसला न्या. माइकची वाट टीआरएस पॅचबेतून नेऊ नका. टीआरएस प्लग आत सरकताना टिप आणि रिंग क्षणभर चुकीच्या पट्ट्यांना टेकतात. फँटमचे (कंडेन्सर माइकला वायरीतूनच दिलेल्या विजेचे) ४८ व्होल्ट चालू असतील तर ते तिथे शॉर्ट होतात, स्पीकरमधून धाडकन आवाज येतो आणि प्रीअँपच्या इनपुटला इजा होऊ शकते.

मागच्या वायरी मोजा: वर १०, खाली ८, एकूण १८. दोन जास्त बनवा. रॅकमधून पॅचबे पुढे ओढता येईल इतका, निदान हातभर, ढील ठेवा आणि दोन्ही टोकांना नंबर चिकटवा. पुढच्या कॉर्ड ३० ते ४५ सेंटीमीटरच्या, दहा नग.

मोजूनमापून

वरची मांडणी बरोबर आहे, पण मी आधी विचारेन की प्रीअँप पॅचबेत हवाच का? प्रत्येक वाट पॅचबेतून नेली की दोन प्लग, दोन जॅक आणि एक नॉर्मल पट्टी (वरून खाली आपोआप सिग्नल नेणारी आतली पट्टी) इतके सांधे वाढतात. कंप्रेसर रेकॉर्डिंगच्या वेळी वापरतच नसाल तर प्रीअँप थेट ७-८ ला लावा आणि पॅचबेत फक्त रिव्हर्ब, कंप्रेसर, हेडफोन ठेवा. आठवड्यातून दोनदा जी जोडणी बदलते तीच पॅचबेत यावी.

आणखी एक. एस-पीडीआयएफ किंवा एईएस-थ्रीची डिजिटल वायर या पॅचबेतून नेऊ नका, तिची वाय केबलही करू नका. तिला ७५ किंवा ११० ओमची वाट सलग लागते.

मंडपध्वनी

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. घरच्या आरतीला, एकाच प्लगपट्टीवर सगळे चालत असेल तर वाय केबलने काम भागते. मंडपात स्प्लिटरच हवा, आणि ट्रान्सफॉर्मरचा हवा.

वाय केबलमध्ये मंडपाच्या मिक्सरचे आणि तुमच्या रेकॉर्डरचे अर्थिंग पिन १ (एक्सएलआरमधली शिल्डची पिन) मधून एकत्र बांधले जाते. मंडपाची लाइन जनरेटरवर, तुमची शेजारच्या घरातून, असे असले की दोन्ही अर्थिंगमधला फरक तुमच्या शिल्डमधून वाहतो आणि आठही चॅनेलवर ५० हर्ट्झची गुणगुण बसते. शिवाय तिकडच्याने फँटम चालू-बंद केला की तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये ठोका येतो. त्याची एक वायर आतून शॉर्ट झाली की तुमचाही माइक गेला.

ट्रान्सफॉर्मर स्प्लिटरमध्ये दोन वाटा असतात. एक डायरेक्ट, ती माइकला तारेने जोडलेली. दुसरी आयसोलेटेड, ती ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडची. फँटम डीसी असल्यामुळे ट्रान्सफॉर्मर ओलांडत नाही. म्हणून फँटम जो देणार त्याला डायरेक्ट, दुसऱ्याला आयसोलेटेड. स्पर्धेत बहुतेक मंडपाचा मिक्सरच फँटम देतो, तेव्हा तुम्ही आयसोलेटेड घ्या, ग्राउंड लिफ्ट (अर्थिंगची जोड तोडणारे बटण) चालू ठेवा आणि आपल्या रेकॉर्डरचा फँटम बंद करून ठेवा. कार्यक्रमाच्या आधी मिक्सरवाल्याला स्पष्ट विचारा की कुठल्या चॅनेलला फँटम देणार. तो विसरला तर तुमचा कंडेन्सर माइक मुका राहील आणि तुमच्याकडून काहीच करता येणार नाही.

आठ चॅनेलचा, एक रॅक युनिट उंचीचा पॅसिव्ह (वीज न लागणारा) स्प्लिटर आर्ट कंपनीचा एस-८ मिळतो. प्रत्येक चॅनेलला डायरेक्ट आणि आयसोलेटेड असे दोन्ही आउट. एकेका चॅनेलची पेटी हवी असेल तर रेडियलची जेएस-२, तिच्यात जेन्सनचा ट्रान्सफॉर्मर असतो. पैसे बेताचे असतील तर आठच्या आठ चॅनेलना महाग ट्रान्सफॉर्मर घेण्यापेक्षा गायकाच्या माइकला चांगली पेटी आणि बाकीच्यांना साधा आठ चॅनेलचा, असे विभागा. स्वस्त ट्रान्सफॉर्मर मोठ्या पातळीला खालच्या सुरांत आधी दमतो, आणि घुमटाचा खर्ज नेमका तिथेच आहे. म्हणून घुमटाच्या माइकला पॅड (पातळी कमी करणारे बटण) माइकवरच द्या, स्प्लिटरनंतर देऊन उपयोग नाही.

लोडचा हिशेब: माइकचा इंपिडन्स २०० ओम, प्रीअँपचा २.४ किलोओम धरला तर एकाच प्रीअँपवर ०.७ डीबी जातो. दोन प्रीअँप समांतर आले की लोड १.२ किलोओम होतो आणि १.३ डीबी जातो. फरक सुमारे ०.६ डीबीचा. कंडेन्सरला काही होत नाही. डायनॅमिकचा (फँटम न लागणाऱ्या माइकचा) स्वभाव थोडा बदलू शकतो, पण मंडपात ते चालून जाते. लांब वायरीचीही उगाच धास्ती नको. दोन्ही वाटा मिळून १०० मीटर, मीटरला १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स धरला तरी वरच्या सुरांची मर्यादा ८० किलोहर्ट्झच्या आसपास येते.

आणि साध्या ट्रान्सफॉर्मरवर सगळा भरवसा टाकू नका. पलीकडे वायर शॉर्ट झाली तर तो शॉर्ट अलीकडेही दिसतो. स्प्लिटर अर्थिंग तोडतो, शॉर्ट अडवत नाही.

काही जण मिक्सरच्या डायरेक्ट आउटवरून लाइन सिग्नल घ्या म्हणतात. पातळी चांगली मिळते हे खरे, पण तो सिग्नल बहुतेक मिक्सरवर गेनच्या (माइक किती वाढवायचा ते ठरवणाऱ्या बटणाच्या) नंतरचा असतो. आरती चढली की मंडपवाला गेन खाली ओढतो, आणि ती ओढ तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये कायमची राहते. मिक्सर डिजिटल आणि दान्तेवर (नेटवर्कवरून ऑडिओ नेणाऱ्या पद्धतीवर) असेल तर वाटणी नेटवर्कमध्येच होते, एकच चॅनेल कितीही जागी घेता येतो. पण गेन तिथेही त्याच्याच हातात, हे विसरू नका.

घुमटाबद्दल थोडे, विषय सोडून नाही. घुमटाला एका तोंडावर कातडे आणि दुसरे तोंड उघडे, वादक तळव्याने ते झाकून-उघडून सूर वळवतो. दोन्ही तोंडांना माइक लावलात तर कातड्यावर थाप पडते तेव्हा समोरचा दाब कमी होतो आणि मागच्या तोंडातून हवा बाहेर येते. दोन्ही माइक उलट्या दिशेने हलतात. एका चॅनेलचे पोलॅरिटी बटण (सिग्नल उलटा करणारे) दाबून ऐका, ज्यात खर्ज भरतो ते ठेवा. दोन्हींत काहीच फरक पडला नाही तर एखादी वायर कुठेतरी बंद आहे. बटण दाबल्यावर अपेक्षेच्या नेमके उलटे झाले तर पिन २ आणि ३ उलट टाकलेली वायर शोधा.

खारा_वारा

उरलेल्या गोष्टी हवामान आणि अर्थिंगच्या. इथे पावसात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते, किनाऱ्याकडे मीठही असते. पॅचबेत सगळ्यात आधी मरते ती आतली नॉर्मल पट्टी. तिला प्लग घासत नाही, त्यामुळे महिनोन्महिने तिच्यावर थर चढत राहतो. ओळखायचे कसे? पुढे काही न लावता सिग्नल अडखळतो, करकरतो किंवा एकच बाजू येते. आणि वरून खाली एक पॅच कॉर्ड टाकली की खणखणीत. असे झाले तर यंत्र निर्दोष, पट्टी मळलेली. त्या जोडीत दोन्ही जॅकमध्ये प्लग पाच-सहा वेळा घाला-काढा. तरी नाही सुधारले तर कॉन्टॅक्ट क्लीनर प्लगच्या टोकाला लावून तो प्लग फिरवा. डबा उलटा करून थेट जॅकमध्ये फवारू नका, धूळ त्यात चिकटून बसते. घरातले गंज काढायचे तेल तर नकोच.

मे महिन्याच्या शेवटी आणि ऑक्टोबरात सगळ्या जोड्या अशा घासा. खोलीत डिह्युमिडिफायर लावून ५० ते ६० टक्के ठेवा, कंडेन्सर माइक सिलिका जेलच्या डब्यात. एसी रात्री बंद करून सकाळी दारे उघडली की थंड पत्र्यावर दव धरते, ते टाळा.

आता गुणगुण. कंप्रेसर जोडल्यावर येते म्हणजे बहुतेक अर्थिंगचा फेरा (ग्राउंड लूप, दोन वाटांनी जोडले गेलेले अर्थिंग). तपास असा करा: पॅचबेच्या मागून कंप्रेसरच्या चारही वायरी काढा, शांत झाले का पाहा. मग फक्त आउट जोडा, नंतर इन. ज्या वायरीने गुणगुण परतली तिच्या इनपुटकडच्या टोकाला शिल्ड सोडवून फक्त हॉट आणि कोल्ड जोडलेले ठेवा. ती वायर बॅलन्स्ड असेल तरच हा उपाय. वायरीवर तशी चिठ्ठी लावा, नाहीतर उद्या ती माइकला लागेल आणि फँटम मिळणार नाही. सगळे ऑडिओ सामान एकाच फेजवर, एकाच बोर्डातून द्या.

प्लगची अर्थ पिन कापणे हा उपाय कोणी सुचवला तर ऐकू नका. गुणगुण जाते, पण यंत्रात आतून लाइन टेकली तर पत्र्यावर २३० व्होल्ट येतात आणि घामेजल्या हाताने माइक धरलेला गायक समोर असतो.

लॅपटॉप चार्जरवर असताना किणकिणाट आणि बॅटरीवर शांत, असे असेल तर दोष पॅचबेचा नाही. इन्व्हर्टरवर गेल्यावर भणभण वाढत असेल तर तो शुद्ध साइन वेव्हचा आहे का ते पाहा.

फोंडा_रेकॉर्डिंग

देव बरे करू सगळ्यांना. मोजूनमापून, कंप्रेसर आम्ही गायकाला रेकॉर्डिंगच्या वेळीच लावतो, म्हणून प्रीअँप पॅचबेत ठेवतो. ३-४ थ्रू करून पाहिले, शिल्डचा उपायही केला, गुणगुण गेली. ती कंप्रेसरच्या आउटवर होती.

आता एक नवीन अडचण. रिव्हर्ब युनिट अनबॅलन्स्ड (कोल्ड तार नसलेले) आहे, त्याला मागून साध्या टीएस वायरी (रिंग नसलेल्या प्लगच्या) लावल्या. ५-६ च्या वरून पुढे एक कॉर्ड काढून इंटरफेसच्या दुसऱ्या इनपुटला फाटा दिला की तिथे पातळी निम्मी येते. रिव्हर्बच्या मागच्या वायरी काढल्या की पूर्ववत. पॅचबे खराब आहे का?

टाकाकाम

पॅचबे ठीक आहे, टीएस प्लगचा प्रताप आहे. टीएसची बाही लांब असते, ती जॅकमधली रिंग थेट शिल्डला टेकवते. हाफ-नॉर्मलमध्ये खालची रिंग वरच्या रिंगला जोडलेलीच असते, म्हणजे इंटरफेसच्या आउटचा कोल्ड जमिनीला गेला. उरला फक्त हॉट, त्यामुळे तुमच्या फाट्यावर ६ डीबी कमी.

वायर अशी बनवा: पॅचबेकडे टीआरएस प्लग, टिपला हॉट, बाहीला शिल्ड, रिंगला काहीही नाही. रिव्हर्बकडे टीएस, टिपला हॉट, बाहीला शिल्ड. इंटरफेसचा आउट साध्या ऑप-अँपचा (छोट्या अँप चिपचा) असेल तर कोल्ड मोकळा राहिलेला चालतो. माहितीपत्रकात सर्वो (हॉट आणि कोल्ड एकमेकांवर अवलंबून असलेला) किंवा ट्रान्सफॉर्मर आउटपुट लिहिले असेल तर कोल्ड मोकळा ठेवू नका; तिथे मधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरची पेटी टाका, म्हणजे फाटाही सुरक्षित राहील.

परतीची वायर वेगळी. रिव्हर्बच्या टोकाला टीएस, त्यात दोन कोरांच्या वायरीतला हॉट टिपला, कोल्ड आणि शिल्ड दोन्ही बाहीला. पॅचबेकडे नेहमीचा टीआरएस. त्या युनिटची पातळी बहुधा −१० डीबीव्ही असेल, म्हणजे ०.३१६ व्होल्ट. तुमचा इंटरफेस +४ डीबीयूचा, १.२२८ व्होल्टचा. फरक ११.८ डीबी, तो इनपुट गेनवर भरून काढा. जाताना इंटरफेसचा आउट तितकाच खाली घ्या, नाहीतर रिव्हर्ब आतच फाटेल आणि दोष पुन्हा वायरीला लागेल.

बनवलेली प्रत्येक वायर मल्टिमीटरने नऊ वेळा तपासा: एका टोकाचे तीन बिंदू, दुसऱ्या टोकाचे तीन. बॅलन्स्ड वायरीत तीनच ठिकाणी बीप यायला हवा. बीप चालू असताना प्लगच्या मानेजवळ वायर हलवून पाहा. तुटक बीप आला तर टाका थंड पडलेला (सोल्डर नीट न धरलेला) आहे, तो उकलून पुन्हा मारा.